पैसे न घेणारी आते

माझं अक्षर चांगलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि पुढं हातात पेन आलं ते पोस्टात सही करण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. मास्तर म्हणायचे, हिची वेलांटी वारा येईल तिकडं वळते. तेव्हा हे कुणाच्या हाती लागलंच तर शुद्धलेखनाकडं बघू नका, अक्षर लागलं नाही तर सोडून द्या. मी काही कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. दुपारी घरात एकटी असते आणि त्या बाईची आठवण आली की हसत बसते. परवा शेजारीण खिडकीतून बघून विचारायला आली, बरं आहे ना म्हणून. त्यापेक्षा लिहून काढलेलं बरं.

ती बाई फिलिपिन्सची. माझा मुलगा जर्मनीत वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तो राहायचा त्या इमारतीत तळमजल्यावर ही. सूनही नोकरीला जायची, म्हणून नात झाल्यापासून मी तीन-तीन महिन्यांच्या व्हिसावर तिला सांभाळायला जात होते. मोबाइलवर तोंड बघून बोलायचं नुकतंच सगळ्यांकडं आलं होतं, तेव्हाची गोष्ट.

तिच्या भाषेत मोठ्या बहिणीला आते म्हणतात. आपल्याकडं आते म्हणजे बापाची बहीण, पण मला ते नाव लगेच तोंडात बसलं. ती माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी. मला इंदाय म्हणायची. इंदाय म्हणजे धाकटी, लाडाची. साठीला आलेल्या बाईला कुणी लाडानं हाक मारली तर ती काय करणार, मी ओ द्यायची. तिचा नवरा जर्मन, ताडमाड उंच, त्याच कारखान्यातून रिटायर झालेला. बहिणीचा नवरा म्हणून मी मनातल्या मनात त्यांना दाजी म्हणायची. दाजी फक्त दोन शब्द बोलायचे. एक 'जा', म्हणजे हो, आणि दुसरा 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर. एवढ्यावर त्यांचा संसार तीस वर्षं सुखानं चालला होता.

तिला मी पहिल्यांदा बघितलं ते तळघरात. तिथं त्याला केलर म्हणतात. कपडे धुवायच्या मशिनी तिथं असायच्या. सुनेनं आमची कुठली ते सांगितलं होतं, मी विसरले. तेवढ्यात ही दोन्ही हातांत बादल्या घेऊन आली. मी हातवारे करून विचारलं, आमची मशीन कुठली. तर तिनं माझ्याकडं बघून ओठांचा चंबू केला आणि मान उडवली. मी दचकले. असली थट्टा मला माझ्या नणंदांनीही कधी केली नव्हती. न धुतलेले कपडे घेऊन मी तशीच वर आले. संध्याकाळी सून पोट धरधरून हसली. म्हणाली, "आई, त्या तुम्हाला मशीन दाखवत होत्या. त्यांच्याकडं ओठानंच दाखवतात."

खरंच होतं ते. हात कायम कामात, म्हणून दाखवायचं काम ओठांकडं. मीठ कुठं, बस कुठली, नवरा कुठं, सगळं ओठानं. आणि 'हो' म्हणायचं असेल तर भुवया वर. एवढ्यावर आमचं बोलणं सुरू झालं. तिला मराठी येत नव्हतं, मला जर्मन आणि इंग्रजी. पण तासन्‌तास आम्ही बोलायचो. महत्त्वाचं काही असलं तर सून आल्यावर मधे बसून सांगायची. पुढं मी विट्याला परत आले आणि धाकट्या जावेनं विचारलं, चाळण कुठं ठेवलीय, तर मी ओठांनीच फळी दाखवली. जाऊ म्हणाली, "तोंड का वेंगाडताय, ताई? येत नसंल सांगायचं तर नका सांगू."

तिच्या दारात कुणीही आलं तरी पहिला शब्द 'काईन'. म्हणजे जेव. पोस्टमन आला, काईन. पत्ता चुकून कुणी आलं, काईन. एकदा घर गरम ठेवणारं यंत्र तपासायला एक तरुण माणूस आला. सकाळचे दहा. त्यानं हात जोडावेत तसं करून नाही म्हटलं. ही ओठानं खुर्ची दाखवून मोकळी. त्यानं बसून दोन ताटल्या भात आणि कोंबडी खाल्ली. त्यानंतर तो दर दोन-तीन महिन्यांनी यंत्र बघायला यायला लागला. यंत्राला काही झालेलं नसायचं. दाजी दार उघडायचे, म्हणायचे 'जा', आणि ताटली मांडायचे.

मला वाढायचं म्हणजे तिला एक अडचण होती. मी कोंबडी, मासे, बोकड खाते, गाय-डुक्कर नाही. हे सुनेनं तिला एकदा सांगितलं, ते तिनं पक्कं लक्षात ठेवलं. पुढं प्रत्येक डबा देताना ती त्या प्राण्याचा आवाज काढायची. कोंबडी असली की कॉक-कॉक. मासा असला की तोंड उघडमीट. हंबरली की मी हात मागं घ्यायची. डुकराचा आवाज काढून ती तो डबा सरळ दाजींच्या हातात द्यायची, आणि दाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, 'गेनाऊ'.

डबा म्हणजे आइस्क्रीमचा रिकामा डबा. तिच्या फ्रीजमध्ये तसले डबे उतरंडीसारखे रचलेले असायचे, आणि एकातही आइस्क्रीम नाही. माझी नात पहिल्यांदा तिच्याकडं गेली तेव्हा डब्यावरचं स्ट्रॉबेरीचं चित्र बघून हट्ट धरून बसली. झाकण काढलं तर आत डोळे वटारलेला मासा. पोरगी अशी रडली की वरच्या मजल्यावरची बाई खाली आली. तिलाही काईन.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मुलाचं घर झकपक, पण संडासात पाणी घ्यायला तांब्या नाही. नुसता कागद. मी दह्याचा एक प्लास्टिकचा डबा पदराआड आत न्यायची आणि पदराआडच बाहेर आणायची. एकदा आतेच्या घरी जावं लागलं. आत बघते तर बादली, आणि बादलीत दांड्याचा मोठा मग, निळा. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला नमस्कारच केला. बाहेर येऊन मी तिला खुणेनं ते सांगितलं. ती भुवया वर करकरून हसली, कपाटातून तसलाच नवा मग काढला आणि त्यात चार संत्री घालून दिला. रिकामी वस्तू द्यायची नाही म्हणून संत्री. तो मग घेऊन मी जिना चढले तेव्हा समोरून येणाऱ्या जर्मन बाईला वाटलं असेल, ही टोपली कुठल्या देशाची.

सप्टेंबर लागला की तिचा नाताळ सुरू. खिडकीत कागदी चांदणी, तिला लाल-हिरवे दिवे. बाहेर झाडांची पानंसुद्धा गळायला लागलेली नसायची. इमारतीचं बघणारा हाउसमाइस्टर कडक माणूस. त्यानं येऊन सांगितलं की नाताळचे दिवे डिसेंबरात लावतात. तिनं त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, लांबच लांब शेवयांची ताटली पुढं केली आणि सांगितलं, न तोडता खा, आयुष्य वाढतं. दुसऱ्या दिवशी तो शिडी घेऊन आला आणि चांदणी जरा वर सरळ टांगून गेला.

नव्या वर्षाला तर ती सगळ्यांना उड्या मारायला लावायची. उडी मारली की उंची वाढते म्हणे. दाजींचं डोकं आधीच दाराच्या चौकटीला लागायचं, तरी त्यांची सुटका नाही. तिचं गाण्याचं मशीनही होतं. माईक धरून गायचं, मग मशीन मार्क देतं. रविवारी दुपारी चार-पाच फिलिपिनी बायका जमायच्या आणि एकेकीचा गळा असा की काय सांगू. मला माईक दिला. लोकांसमोर मी हळदीत सुद्धा कधी गायलेली नाही. मी नुसती खोकले, तर मशीननं शंभरपैकी सत्त्याण्णव मार्क दिले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चौथीच्या परीक्षेत सगळे विषय मिळून मला एवढे पडले नव्हते.

आता दाढेचं सांगते, कारण सगळं घोडं तिथं अडलं.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला माझी दाढ दुखायला लागली. मुलगा कामासाठी दुसऱ्या गावी गेलेला, सून ऑफिसात. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की चार माणसांची धावपळ, आणि परक्या देशात डॉक्टरसमोर तोंड उघडायचं म्हणजे मला मरणाची लाज. आतेनं माझा गाल बघितला. आधी तिनं तिचा हिरवा बाम चोळला. डोकं, पोट, सर्दी, डास, सगळ्यावर तिचं औषध तेच. दाढेला बामाचं काही वाटलं नाही. मग तिनं माझा हात धरला तो धरलाच. बसमध्ये धरला, दवाखान्यात धरला, दाढ काढताना धरला. मी तिचं मनगट एवढं आवळलं की नंतर तिला तिथंच बाम लावावा लागला. माझ्या प्रवासाच्या विम्यात दातांचं काही नव्हतं. तिनं पर्समधून नोटा काढल्या आणि भरल्या. एकशे ऐंशी युरो. सुनेनं रुपयांत हिशेब सांगितला तेव्हा मी मटकन खाली बसले. तेवढ्यात विट्याला सगळी बत्तीशी काढून मिळाली असती.

मुलगा आल्यावर पाकीट घेऊन खाली गेला. अर्ध्या तासानं वर आला. एका हातात पाकीट तसंच, दुसऱ्या हातात खरवसासारख्या गोड पदार्थाची ताटली. म्हणाला, "आई, मी बोलायच्या आत त्यांनी खायला घातलं. मग विषयच निघेना." सून शहाणी, तिनं बँकेतून पैसे पाठवले. दोन दिवसांनी ते परत आले, वर पाच युरो जास्त, नातीच्या खाऊला.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. आइस्क्रीमच्या डब्यात तळाशी नोटा, वर चकल्या. डबा परत आला, वर तांदळाचे केक, खाली त्याच नोटा कागदात गुंडाळून. आपल्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यांच्याकडंही नाही. त्यामुळं तो डबा थांबेना. मी शंकरपाळ्या, ती केळ्याची भजी, मी लाडू, ती आणखी काही, आणि नोटा आपल्या वर-खाली. दाजींचं वजन वाढलं, माझ्या मुलाचंही वाढलं. तिच्या दिवाणखान्यात वर्षभर एक भलामोठा खोका उघडा असायचा. त्यात साबण, चॉकलेट, शाम्पू, बूट असं साठवून ती तो बोटीनं माहेरी पाठवायची. मी एका मोज्यात नोटा घालून मोजा त्या खोक्यात खोल सारला. दुसऱ्या दिवशी मोज्यांची जोडी माझ्या दाराला अडकवलेली. एकात नोटा, दुसऱ्यात चॉकलेटं.

शेवटी मी सुनेला घेऊन गेले आणि विचारलं, पैसे का घेत नाही. आते तेव्हा मोठ्या पातेल्यात भात ढवळत होती. ती ढवळायची थांबली. सुनेनं मला तिचं बोलणं सांगितलं.

"म्हणतात, बहिणीचा हात धरला त्याचे पैसे घेतले, तर हिशेब मिटला. हिशेब मिटला की दोघी परक्या. मला इथं एकच धाकटी बहीण मिळालीय."

मला तिचं कळलं. पण माझंही काही होतं. आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ते गेले तेव्हा दहाव्यापर्यंत दारात खूप माणसं आली, पण उधारी मागायला एकही आला नाही. ह्यांनी कुणाचा रुपया ठेवलाच नव्हता. मलाही तसंच जायचं होतं. पैसेही मुलाचे नाही, ह्यांच्या पेन्शनीतले माझे द्यायचे होते. ते मी दाढेनंतरच्या खेपेला युरोत बदलून नेले होते. सुनेनं हे सगळं तिला सांगितलं. आतेनं ऐकलं, डोळे पुसले, आणि मला भात वाढला.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. मग मुलाला पुण्यात नोकरी मिळाली आणि ठरलं की उन्हाळा संपता संपता सगळ्यांनी परत यायचं. ती माझी शेवटची खेप. आता देणं राहिलं तर ते कायमचं राहणार होतं. मला रात्री झोप लागेना. मुलगा म्हणायचा, "आई, त्या विसरल्यासुद्धा असतील." मी म्हटलं, "त्या विसरल्या असतील रे. मी कुठं विसरलेय?"

निघायच्या आदल्या आठवड्यात इमारतीच्या अंगणात फ्लोमार्क्ट होता. म्हणजे घरातल्या जुन्या वस्तू टेबलावर मांडून विकायच्या. आते जुन्या वस्तूंबरोबर लुंपिया विकायची, म्हणजे पातळ पोळीत सारण भरून तळलेल्या गुंडाळ्या. आदल्या दिवशी दुपारी मी आणि सून तिला गुंडाळायला मदत करत बसलो होतो. बोलता बोलता ती मागच्या वर्षीचं सांगायला लागली. सकाळी पहिलाच एक म्हातारा आला, चांगला पितळी दिवा वीस सेंटला मागितला, आणि तिनं दिला. सुनेनं विचारलं, एवढ्या स्वस्तात का दिलात. तर म्हणाली, पहिलं गिऱ्हाईक होतं. पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. ते सांगेल तो भाव. त्याचे पैसे परत करायचे नाहीत, आणि फुकट तर द्यायचंच नाही. नाहीतर दिवसभर माल पडून राहतो. पहिले पैसे सगळ्या मालाला लावायचे आणि डब्यात टाकायचे.

मी गुंडाळत होते ती थांबले. माझी आई आठवडी बाजारात भाजी विकायची. आपल्याकडं त्याला भवानी म्हणतात. आई भवानीची नोट डोळ्यांना लावायची. भवानीचं गिऱ्हाईक तिनं कधी परत पाठवलं नाही, मग ते कितीही पाडून मागो.

मी सुनेकडं बघितलं. सुनेनं माझ्याकडं बघितलं. आतेला काहीच कळलं नाही, ती ओठानं मीठ दाखवत होती.

त्या संध्याकाळी सुनेनं मला एकच आकडा पाठ करून घेतला. हुंडर्ट आख्ट्सिश, म्हणजे एकशे ऐंशी. भाकरी थापताना म्हटला, पोरीला न्हाऊ घालताना म्हटला. मुलगा म्हणाला, मी येतो, मी बोलतो. मी नको म्हटलं. भवानी ज्याची त्यानं करायची असते.

सकाळी खाली गेले तर जर्मन लोक आधीच येऊन ओळीत उभे. वेळेच्या आधी येण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण आते अजून तेल तापवत होती, विक्री सुरू झाली नव्हती. मी ओळीच्या पुढं गेले. जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या पुढं घुसले. मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं. दाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांना सुनेनं सांगितलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

मी एका लुंपियाकडं ओठ केले. आते हसली, एक बोट वर केलं. एक युरो.

मी मान हलवली आणि म्हटलं, "हुंडर्ट आख्ट्सिश."

आवाज एवढा मोठा निघाला की मीच घाबरले. सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं. आतेचा झारा हवेतच राहिला. ती पटकन अर्धं बोट दाखवायला लागली, म्हणजे पन्नास सेंट. मी म्हटलं, "हुंडर्ट आख्ट्सिश." तिनं लुंपिया कागदात गुंडाळून तसाच माझ्या हातात कोंबला आणि मला हाकलायला लागली. आणि मधेच थांबली. फुकट देता येत नव्हतं. समोर ओळ उभी, पातेलंभर माल, आणि पहिलं गिऱ्हाईक नोटा पुढं धरून उभं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, हा तरी काही म्हणेल म्हणून.

दाजी हातांची घडी घालून उभे होते. ते म्हणाले, "रेगेल इस्ट रेगेल." नियम म्हणजे नियम. तीस वर्षांत त्यांनी तिसरं काही बोललेलं तिनं ऐकलं नसावं.

ती मला तिच्या भाषेत काय काय बोलली देव जाणे. शिव्याच असाव्यात, कारण मधे मधे इंदाय होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हसूही. सुनेनं मागून तिला सांगितलं, "आई म्हणतात, देणं नाही हे. बहिणीची भवानी आहे."

तेव्हा तिनं नोटा घेतल्या. लुंपियांवर फिरवल्या, जुन्या खुर्च्यांना लावल्या, दिव्यांना, कपबश्यांना, दाजी खाली वाकले तेव्हा त्यांच्या टकलालाही लावल्या. मग पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं आणि ओठानं मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

मी मात्र वर गेले नाही. तिच्यावर माझा भरवसा नव्हता. टेबलाजवळ एक विकाऊ खुर्ची होती, तीवर बसून राहिले. दुपारपर्यंत लुंपिया संपले, खुर्च्या गेल्या, माझ्या बुडाखालची खुर्चीही एका जोडप्यानं विकत घेतली, मग मी उभी राहिले. संध्याकाळी दाजींनी डबा उघडला, पैसे मोजले आणि तिच्या पर्समध्ये घातले. तिनं पर्सची चेन लावली आणि माझ्याकडं बघून दोन्ही भुवया वर केल्या.

पैसे पूर्ण फिटले.